दहा दिवसांची सरासरी

२४ एप्रिल, बुधवार

आज माझ्या खोलीत एसी बसला. मी मागितला नव्हता!

मेकॅनिक भिंतीला भोक पाडत होता आणि सूनबाई दारात उभी राहून सांगत होती, "आई, या वयात उकाडा सोसायचा कशाला?" आठ महिन्यांत माझं वय पहिल्यांदा माझ्या बाजूने निघालं. एरवी निघतं ते मी फोनवर मोठ्याने बोलले की.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा चिरंजीवांनी "थोडे दिवस ये" म्हणून इथे आणलं. गुडघा कधीच सुधारला. थोडे दिवस मात्र संपायला तयार नाहीत. माझ्या दोन खोल्या एका नर्सबाईंना भाड्याने दिल्यात, त्यांचा करार ३१ मेला संपतो. त्याआधी सांगायचंय — मी परत जाणार, की त्या राहणार. चिरंजीव तोंडाने विचारत नाहीत. पण कॅलेंडर माझ्या जेवायच्या खुर्चीसमोरच टांगलंय.

एसी बरा आहे. आवाज कमी. इथे लिहून ठेवते, तोंडाने सांगणार नाही.

२६ एप्रिल, शुक्रवार

बरोबर पाच वाजता सूनबाईचा ऑफिसातून फोन. "आई, एसी लावला का?" नव्हता लावला, खिडकीतून वारा येत होता. "लावा हो! बिलाची काळजी नका करू."

बिलाची काळजी नका करू — मला सांगते! एकतीस वर्षं वीज ऑफिसात खिडकी क्रमांक तीनवर बसले मी. बिलांच्या तक्रारी. त्या जाळीतून लोकांनी मला जे जे ऐकवलं ते लिहायचं म्हटलं तर ही वही बाटेल. त्यातून एक सवय लागली, खोलीतून निघताना दिवा मालवायचा. हे पेपर वाचत बसलेले असायचे तरी मी मालवून बाहेर! मग आतून ओरडा. ओरडा खाल्ला, पण मालवायचं सोडलं नाही.

लावला एसी. तिला बरं वाटावं म्हणून.

३० एप्रिल, मंगळवार

नवीन थेर!

दुपारी चिरंजीवांच्या फोनवर वीज कंपनीचा मेसेज — ग्रिडवर आणीबाणी, सायंकाळी ५ ते ८ वापर कमी करा, मोबदला मिळवा. उकाड्याने सगळं शहर एसी लावून बसतं, वीज पुरेनाशी होते, की कंपनी असा निरोप धाडते. जो तीन तास बंद ठेवील त्याला पैसे, म्हणजे बिलातून वजा. चिरंजीवांनी मार्चातच नाव नोंदवलंय म्हणे.

हसावं की रडावं कळेना. आमच्या वेळी याला भारनियमन म्हणत. न विचारता बंद करायचे. मोबदला म्हणून शिव्या, आणि त्याही बंद करणाऱ्या साहेबाला नाही — मला, खिडकी तीनवर!

पाचच्या आत दोघं घरी हजर. फटाफट सगळं बंद. माझा एसी तर चिरंजीवांनी स्वतः येऊन बंद केला. मग गॅलरीत तीन खुर्च्या टाकून बसलो. सूनबाईने कलिंगड कापलं. चिरंजीवांनी कुठून तरी पत्त्यांचा जोड काढला. "आई पत्ते कशी पिसते बघ, डोळा लवायच्या आत!" सूनबाईला हे माहीतच नव्हतं. दोन डाव मी मारले. तिसरा मुद्दाम हरले.

घामाने निथळत होतो तिघं. पण आठ महिन्यांत पहिल्यांदाच एका जागी तीन तास बसलो. बरं वाटलं. वहीशी खोटं कशाला बोलू?

३ मे, शुक्रवार

सूनबाईचं डोकं ठिकाणावर नाही.

संध्याकाळी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर ओव्हन धगधगतोय. वाटलं काहीतरी जळेल, म्हणून उघडला — आत काही नाही! रिकामा! बंद केला. बाथरूममध्ये गिझर चालू. या उन्हाळ्यात! बंद केला. मागच्या गॅलरीत ड्रायर गरगरतोय, आत कालच वाळलेल्या चादरी. तोही बंद केला.

ती जिन्यावरून फोनवर बोलत वर आली. आल्या आल्या ओव्हनकडे बघितलं आणि चेहरा पडला. "आई, तुम्ही कशाला हात लावलात?" मग लगेच आवाजात साखर — "म्हणजे, दगदग नको ना तुम्हाला."

नोकरी करते, थकते, विसरते. धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं. धाकटी म्हणाली, "ताई, दाखव तिला कुणाला तरी. हल्ली तरुणपणीच सुरू होतं हे." मला पोरीची कणव आली. यापुढे तिच्या मागोमाग फिरून काय काय चालू राहिलंय ते बघायचं, तिला कळू न देता.

७ मे, मंगळवार

पाचला फोन आला. हल्ली मी पावणेपाचपासूनच फोनजवळ बसते. काय हे!

९ मे, गुरुवार

नर्सबाईंचा फोन. "काकू, काय ठरलं तुमचं? नसेल जमत तर मला दुसरी जागा बघायला लागेल, आणि रात्रपाळी करून कधी बघणार मी?" रास्त आहे तिचं. चार दिवस मागून घेतले.

मग दिवसभर त्या दोन खोल्या डोळ्यांसमोर. तिसरा मजला, लिफ्ट नाही. नळ उलट्या बाजूला फिरवावा लागतो, नवीन माणूस हमखास भिजतो. खिडकीखाली बेकरीचं मागचं दार. संध्याकाळी पाव भाजल्याचा वास आणि नोकरांची भांडणं, दोन्ही वर येतात. तिथे कुणी मला आई म्हणत नाही, आजी म्हणत नाही. "बिलवाल्या बाई" म्हणतात. अजून लोक बिलं घेऊन येतात, हे असं का आलं म्हणून विचारायला. नर्सबाई सांगते, परवासुद्धा एक जण येऊन परत गेला.

पण तिथे गुडघ्याने दगा दिला की मी आणि भिंत. इथे पाच वाजता कुणीतरी विचारतं, गार वाटतंय ना? माणसाला घर म्हणून आणखी काय लागतं?

चिरंजीव आज जेवताना म्हणाले, "राहा ना गं आई. आम्हाला सवय झालीये तुझी." भाजीकडे बघून म्हणाले. लहानपणीही मनातलं बोलायचं असलं की ताटाशीच बोलायचे.

१० मे, शुक्रवार

ठरलं. इथेच राहते. नर्सबाईंना सोमवारी कळवीन.

१४ मे, मंगळवार

पुन्हा आणीबाणी! दुपारी मेसेज आला आणि पत्ते मीच काढून ठेवले. कलिंगड मीच कापलं.

पण आज खेळात कुणाचं लक्ष नव्हतं. चिरंजीव फोनवर घराचा वापर बघत होते. कंपनीने सोय केलीये, आकडा वरखाली होताना दिसतो. "आईची खोली बंद झाली की कसला दणकून पडतो बघ आकडा!" सूनबाई टाळी देऊन म्हणाली, "आई म्हणजे आपला हुकमाचा एक्का!"

मीही हसले. एक्का म्हटल्यावर कोण नाही हसणार?

नर्सबाईंना कळवायचं काल राहिलं, आजही राहिलं. उद्या नक्की.

१६ मे, गुरुवार

नाही कळवलं. बरं झालं.

सकाळी टपालपेटीत कंपनीचं पाकीट होतं. विजेचं पाकीट या घरात मी उघडणार नाही तर कोण? उघडलं. साधा कागद, चार रकाने. पहिला — मागील दहा दिवसांची सरासरी, सायंकाळी ५ ते ८. दुसरा — आणीबाणीतील वापर. तिसरा — कपात. चौथा — मोबदला.

सरासरी! पायरीवरच बसले.

सरासरीत काय काय लपवता येतं ते मला कुणी शिकवायला नको. मीटर बंद पडलं की आम्ही मागच्या बिलांची सरासरी काढून आकारणी करायचो. हुशार गिऱ्हाईक काय करायचं? आधी दोन महिने जपून वापरायचं, मग मीटर "बंद पडायचं". असे पन्नास पकडले मी, नुसते आकडे बघून. इथे उलटं. आधी दहा दिवस संध्याकाळी जितकी जास्त जाळाल, तितकी आणीबाणीच्या दिवशी कपात मोठी दिसणार. कपात मोठी, मोबदला मोठा.

म्हणून ओव्हन रिकामा. म्हणून गिझर. म्हणून वाळलेल्या चादरी पुन्हा वाळत होत्या. आणि मी येडी तिच्या मागे फिरून बंद करत होते — पोरगी विसरते म्हणून!

आणि म्हणून पाचचा फोन.

आठनंतर कुणी कधी विचारलं का, बसून आठवत राहिले. एकदा सव्वाआठला सूनबाई खोलीत आली होती. मला वाटलं गप्पा मारायला आली. "झालं ना आता गार?" म्हणत एसी बंद करून गेली. दुपारी दोनला, ऊन डोक्यावर असताना, कुणी फोन केला? एकदाही नाही. यांच्या मायेला वेळापत्रक होतं आणि मला तीन आठवडे ते दिसलं नाही. खिडकी तीनवर नुसत्या आकड्यांवरून चोर ओळखणारी मी! कारण यावेळी आकडे बघत नव्हते, फोनची वाट बघत होते.

भार म्हटलं असतं तर चाललं असतं. म्हातारं माणूस भार असतंच, त्यात खोटं काय? पण यांनी तो भार वाढवून दाखवायला ठेवला. माणूस नाही, दीड टनाचा एसी आहे मी या घरात.

संताप एका आणखी गोष्टीचा आला, तोही लिहून टाकते. आयुष्यभर मी दिवे मालवले. त्याचा मोबदला? शून्य. माझ्या दोन खोल्यांत ही योजना घेतली तर कंपनी म्हणेल, बाई, तुम्ही कमी काय करणार, तुम्ही वापरताच काय? जो जाळतो त्याला थांबण्याचे पैसे. ज्याने कधी जाळलंच नाही त्याच्या तोंडाला पाने पुसली.

कागद पाकिटात घातला, पाकीट टेबलावर ठेवलं, चिरंजीवांच्या ताटाजवळ. बघू दे, ताटाशी काय बोलतात.

१७ मे, शुक्रवार

बोलले. भांडण झालं म्हणायचं तर भांडायलाही दुसऱ्या बाजूने कुणी आवाज चढवला नाही. तेच जास्त लागलं.

मी म्हटलं, एसी माझ्यासाठी बसवला की सरासरीसाठी?

चिरंजीव म्हणाले, "आई, सगळी बिल्डिंग करते हे. खालचे तर दोन-दोन इस्त्र्या तापवून ठेवतात." हे उत्तर झालं का? लहानपणी कॉपी करताना पकडला तेव्हाही हेच — सगळा वर्ग करत होता!

सूनबाईने कागद उचलून पालथा ठेवला. मग म्हणाली, "पण तुम्हाला गारवा नको होता का, आई? मिळाला ना? कुणाचं काय बिघडलं?"

हवा होता की! हवा होता म्हणून तर एवढं झोंबलं. हे मी बोलले नाही. मी म्हटलं, "एक तारखेला मी माझ्या घरी जाते."

"तुझं घर हे नाही का?" चिरंजीव.

"इथे माझी खोली हुकमाचा एक्का आहे," मी म्हटलं. "माणसाने हुकमाच्या एक्क्यात कसं राहायचं?"

सूनबाई उठून आत गेली. रडली असावी. रडू दे. ही गोष्ट वाईट मनाने केलेली नाही, एवढं मलाही कळतं. कर्जाचे हप्ते आहेत, पगार पुरत नाही, वरून एसीचे पैसे. दोघं मिळून पै पै वाचवायला बघतात, त्यात मी सापडले. पण कळतं म्हणून दुखायचं थांबत नाही.

१८ मे, शनिवार

पाच वाजले. कुणी काही विचारलं नाही. एसी लावला नाही. उकडलं.

२० मे, सोमवार

नर्सबाईंना कळवलं — मी येतेय. तिला वाईट वाटलं, पण नीट बोलली. हॉस्पिटलजवळ एक खोली बघितलीये तिने, २९ तारखेला आगाऊ रक्कम भरते म्हणाली. "काकू, तुमचा विचार बदलला तर लगेच सांगा मात्र." बदलणार नाही!

बॅग काढली. आठ महिन्यांपूर्वी एका बॅगेत आले होते, त्याच बॅगेत सगळं मावलं. आठ महिन्यांत या घरात माझं म्हणून काही वाढलंच नाही, एसी सोडून. तो काही नेता येत नाही.

धाकटी म्हणाली, "ताई, गुडघा?" म्हटलं, गुडघा माझा आहे, जिन्याचं आणि त्याचं ते बघून घेतील.

हलकं वाटतंय. बेकरीतल्या नोकरांची भांडणं ऐकायची ओढ लागलीये, बोला!

२३ मे, गुरुवार

कंपनीचं दुसरं पाकीट. यावेळी मी उघडलं नाही. सूनबाईने उघडलं, वाचलं आणि माझ्यापुढे धरलं.

नोटीस. आपला सायंकाळचा वापर महिनाभरात अडीचपट झाला, तोही फक्त आणीबाणी नसलेल्या दिवशी. मोबदला लाटण्यासाठी वापर फुगवल्याचा संशय आहे. लेखी खुलासा तयार ठेवा, अधिकारी बुधवारी घरी येतील. खुलासा पटला नाही तर दिलेलं सगळं वसूल, आणि फसवणुकीची नोंद.

सगळी बिल्डिंग करत होती ना? नोटीस एकट्या आमच्याकडे. कारण खालच्यांकडे दोन इस्त्र्या आहेत. आमच्याकडे मी होते.

वसुलीने काही हे मरत नाहीत. मरतात ते त्या शेवटच्या शब्दाने. चिरंजीव विमा कंपनीत आहेत, लोकांचे खोटे दावे पकडायचं काम. ज्याच्या स्वतःच्या नावापुढे फसवणूक लागली त्याला दुसऱ्याची पकडायला कोण ठेवील? बारा वर्षांची नोकरी. संध्याकाळी आले ते बूट न काढता सोफ्यावर बसले. मी पाणी दिलं. ग्लास हातात धरून नोटीस पुन्हा पहिल्यापासून वाचत बसले.

मनात म्हटलं, भोगा. मग लगेच म्हटलं, असं कसं म्हणतेस? मग पुन्हा म्हटलं, भोगा. आज हेच चालू आहे.

२५ मे, शनिवार

दुपारी चिरंजीव माझ्या खोलीत आले. दार लोटून घेतलं. "आई, एक वाचून दाखवू? तुला ऑफिसची भाषा कळते, कुठे कमी-जास्त असेल तर सांग."

खुलासा लिहिला होता. ऐकत गेले. "...घरातील वृद्ध मातोश्रींना गेल्या काही महिन्यांपासून विस्मरणाचा त्रास असून त्या सायंकाळी ओव्हन, गिझर, ड्रायर इत्यादी उपकरणे चालू करून विसरून जातात. आम्ही दोघे नोकरीवर असल्याने लक्ष ठेवता येत नाही. आणीबाणीच्या दिवशी मात्र आम्ही लवकर घरी येऊन स्वतः सर्व उपकरणे बंद ठेवतो..."

माझ्यातल्या कारकुनाने आधी दाद दिली, आई नंतर जागी झाली. काय बसवलं होतं! एकेक आकडा चपखल बसत होता. वापर का वाढला, फक्त संध्याकाळीच का, आणीबाणीलाच का पडला — सगळ्याला एकच उत्तर. मी. घरभर फिरून एकेक बटण बंद करणारी मी.

"तुला काही बोलायचं नाही आई. नुसतं बसायचं." हे भिंतीशी बोलले.

मी विचारलं, "आणि पहिल्या तारखेला मी जाणार आहे त्याचं काय?"

"जा ना. कोण अडवतंय? एवढं एक मिटू दे." आणि मग रडायला लागले. चाळीस वर्षांचा बाप्या, माझ्या पलंगाच्या कडेला बसून, नाक हाताने पुसत. मला तो दहा वर्षांचा दिसायला लागला, आणि ते मला नको होतं. मला चिडून राहायचं होतं.

म्हटलं, आण तो कागद. "मातोश्री काढ. आई लिही. साहेब लोकांना मातोश्री म्हटलं की पुतळा दिसतो, आई म्हटलं की स्वतःची दिसते. आणि 'इत्यादी' काढ, खोटं वाटतं. तीन वस्तूंची नावं पुरेत."

दुरुस्त केलं त्याने.

तो गेल्यावर बसून राहिले. खिडकी तीनवर दंड लागलेली माणसं यायची, गयावया करायची. कुणी खरंच गरीब असलं की मी हळूच सांगायची — अर्जात घरातला कुणी आजारी माणूस घाला, दंड माफ होतो. किती अर्जांत किती आजारी माणसं घातली असतील मी! पुण्य समजत होते. त्या आजारी म्हाताऱ्यांना कुणी विचारलं होतं का, तुम्हाला घालू का म्हणून? मला तरी माझ्या लेकाने वाचून दाखवलं.

२६ मे, रविवार

सूनबाईने न विचारता दुपारी दोनला एसी लावून दिला. मी बंद केला. ती पुन्हा आली, पुन्हा लावला. या वेळी मी राहू दिला.

२८ मे, मंगळवार

धाकटीला सगळं सांगितलं. भडकली. "ताई, उद्या सरळ खरं काय ते सांग! एकतीस वर्षं ज्या ऑफिसात मान वर करून काढलीस, त्याच ऑफिसच्या माणसासमोर वेडी होऊन बसणार?" बरोबर आहे तिचं. प्रत्येक शब्द बरोबर.

पण तिला मूल नाही. हे तिला मी म्हटलं नाही. म्हणू नये. वहीत लिहिलं तेवढं पुरे.

नुसतं बसायचं. बोलायचं काही नाही. शनिवारी माझं मी घर गाठायचं. बॅग पलंगाखाली तयार आहे. नर्सबाईने अजून त्या खोलीचे पैसे भरलेले नाहीत, उद्या संध्याकाळी भरणार आहे.

२९ मे, बुधवार

कंपनीकडून मॅडम आल्या. तरुण, नम्र. खुलासा दोनदा वाचला. मग खुर्ची माझ्याजवळ ओढली. "आजी, कशा आहात? आज वार कोणता सांगता का?"

चिरंजीव खिडकीबाहेर बघत होते.

"रविवार," मी म्हटलं.

मॅडमनी लिहून घेतलं. "आधी नोकरी वगैरे करत होता का?"

"नाही आठवत."

तेही लिहिलं. उठताना चिरंजीवांना हळूच म्हणाल्या, "ठीक आहे, प्रकरण बंद करते. पण आम्ही वर्षभर अधूनमधून येऊन बघू. आणि यांना एकटं ठेवू नका हं."

"नाही, नाही ठेवणार," चिरंजीव म्हणाले. दार लावलं, माझ्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला, आणि नर्सबाईंना फोन करायला आत गेले.